‘तू येणार असशील तर मी येईन’

महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना आवडीचे कार्यक्रम एकत्र शोधता यावेत आणि सोबत जाता यावे, यासाठी आम्ही काही मित्र मिळून एक मोबाइल ॲप तयार करत आहोत. या विषयाची चर्चा निघाली की बहुतेक जण असे धरून चालतात की विद्यार्थ्यांपर्यंत माहिती पोहोचत नाही, म्हणून सभागृहे रिकामी राहतात. ते काही अंशी खरे आहे. परंतु व्याख्यान, नाटक किंवा कार्यशाळा यांची सूचना वाचूनही, तिकडे जाण्याची मनापासून इच्छा असूनही, केवळ सोबत नाही म्हणून खोलीत बसून राहणारे विद्यार्थी मला त्याहून अधिक महत्त्वाचे वाटतात. दोन मैत्रिणी एकाच कार्यक्रमाला जाऊ इच्छितात, दोघीही ‘ती विचारेल’ म्हणून थांबतात आणि शेवटी कोणीच जात नाही. कार्यक्रमांची यादी कितीही देखणी केली तरी ही अडचण सुटत नाही.

या अडचणीचे फार नेमके विवेचन समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या लेखात केले आहे. त्यांचे उदाहरण दंगलीच्या बेतात असलेल्या शंभर जणांच्या जमावाचे आहे. त्यातला पहिला माणूस कोणाचीही वाट न पाहता सुरुवात करतो, दुसरा एकाने सुरुवात केलेली पाहिली की सामील होतो, तिसऱ्याला दोघे लागतात, आणि असे करत शेवटच्याला नव्व्याण्णव जण लागतात. अशा जमावात सगळे शंभर जण सामील होतात. आता एकच बदल करायचा : ज्याला एक जण पुरत होता त्याला दोघे लागतात असे समजायचे. साखळी तिथेच तुटते आणि दंगल करणारा एकच माणूस उरतो. बाकीच्यांची मने होती तशीच आहेत, तरी परिणाम पूर्ण उलटा झालेला आहे.

कार्यक्रमाला जाणाऱ्या विद्यार्थ्यांचेही असेच असते, मात्र एक फरक आपल्याला करता येतो आणि आमचे सारे ॲप त्या फरकावर उभे आहे. जमावातला प्रत्येक जण आजूबाजूला पाहून ठरवतो, म्हणून मोजणी शून्यापासून वर चढते. आम्ही प्रत्येकाची अट आधीच आणि गुप्तपणे विचारतो : ‘माझ्या मित्रांपैकी किमान दोघे येणार असतील तर मी येईन’, किंवा ‘अमुक मैत्रीण येणार असेल तर मी येईन’. त्यानंतर मोजणी वरून खाली केली जाते. इच्छा दाखवलेल्या सगळ्यांना आधी ‘येणार’ असे मानायचे, ज्यांची अट पुरी होत नाही त्यांना वगळायचे, त्यांना वगळल्यामुळे आणखी कोणाची अट मोडली का ते पाहायचे, आणि कोणालाच वगळावे लागत नाही तिथे थांबायचे. वगळण्याचा क्रम कोणताही असला तरी शेवटी तोच गट हाती येतो, आणि सगळ्यांच्या अटी पाळून जमू शकणारा तो सर्वांत मोठा गट असतो. ग्रॅनोव्हेटर यांच्या त्या तुटलेल्या साखळीला ही रीत लावली तर शंभरच्या शंभर जण गटात राहतात, कारण प्रत्येकाला आपल्याशिवाय नव्व्याण्णव जण दिसतात आणि त्याहून मोठी अट कोणाचीच नाही.

ही रीत चालण्यासाठी अटी एकाच दिशेच्या असाव्या लागतात, म्हणजे माणसे वाढल्याने कोणाची अट मोडता कामा नये. ‘तो येणार नसेल तरच मी येईन’ अशी अट घेतली की एकाला वगळल्यावर दुसरा परत येऊ शकतो, त्याच्या येण्याने तिसरा बाहेर पडतो, आणि हिशेब फिरत राहण्याचा धोका उभा राहतो. म्हणून अशी अट आम्ही घेत नाही. तिच्यामागची गरज मात्र खरी आहे. कोणाला टाळायचे असेल त्याला मित्रयादीतून काढण्याची आणि त्याला आपले नाव कोठेही दिसू न देण्याची सोय आहे. सर्वांसाठी खुल्या कार्यक्रमाला तो स्वतंत्रपणे आला तर ॲप त्याला रोखू शकत नाही, आणि तसे आश्वासन आम्ही देणेही योग्य नाही.

गुप्ततेवर सर्वाधिक विचार करावा लागला. अटी फक्त सर्व्हरवर राहतात आणि दुसऱ्या कोणाच्याही फोनवर जात नाहीत. निकालात फक्त गटात राहिलेल्यांची नावे येतात आणि तीही त्या गटापुरतीच. ज्यांची अट पुरी झाली नाही त्यांनी इच्छा दाखवली होती हेही कोणाला कळत नाही. मी ‘ती आली तरच’ असे म्हटले आणि बेत जमला नाही, तर तिला यायचेच नव्हते की तिची स्वतःची अट मोडली हे मला समजत नाही, आणि ही संदिग्धता तिच्या हिताची आहे. एखाद्या मुलीचे नाव अटीत घालून ती कुठे जाते याचा माग काढता येऊ नये, म्हणून नावाची अट दोन्ही बाजूंनी मैत्री स्वीकारलेल्यांमध्येच घालता येते. फोनचे ठिकाण तर आम्ही मागतच नाही. कार्यक्रमाची जागा ठाऊक असताना विद्यार्थी या क्षणी कुठे आहे हे जाणून घेण्याचे काही कारण नाही.

कार्यक्रमाची नोंद करणे सोपे ठेवले आहे : भित्तिपत्रकाचे छायाचित्र, तारीख, वेळ आणि जागा. खरी कटकट बदलांची असते, कारण सभागृह ऐन वेळी बदलते. इथे आयकॅलेंडर हे दिनदर्शिकेतल्या नोंदी एका ॲपमधून दुसऱ्यात नेण्याचे प्रमाणित स्वरूप उपयोगी पडते. आरएफसी ५५४५ या २००९ च्या दस्तऐवजात त्याचे नियम दिले आहेत. त्यांनुसार प्रत्येक कार्यक्रमाला एक कायम ओळख असते आणि मोठा बदल झाला की आवृत्तीचा क्रमांक वाढतो, त्यामुळे नवी नोंद न होता जुनीच दुरुस्त होते.

सुरुवात एकाच महाविद्यालयापासून करायची असा माझा आग्रह आहे. फेसबुकही २००४ मध्ये आधी केवळ हार्वर्डच्या विद्यार्थ्यांसाठी होते, मग एकेक विद्यापीठ जोडत गेले आणि २००६ मध्ये सर्वांसाठी खुले झाले. विखुरलेल्या हजार जणांमध्ये कोणाचीच अट पुरी होत नाही, तर एकाच वसतिगृहातल्या थोड्या जणांमध्येही ती होऊ शकते.

नुकताच प्रवेश घेतलेल्या आणि अजून एकही मित्र नसलेल्या विद्यार्थ्याला मित्रांची अट घालताच येत नाही, आणि सोबतीची गरज तर त्यालाच सर्वाधिक असते. त्याच्यासाठी ‘माझ्याच वर्षाचे, पहिल्यांदाच येणारे किमान तिघे असतील तर’ अशी नावाविना अट आम्ही जोडत आहोत. असा गट जमला तर आयोजकांपैकी कोणीतरी दाराशी त्यांची वाट पाहावी, अशी विनंती आयोजकांना ॲपमधूनच जाईल.