पाळणा आणि हवेचं भाडं

कोथरूडमध्ये कुरियरच्या काउंटरवर बसते, त्यामुळे वाद घालणारी माणसं रोजची. पण पाळण्यावाले काका लक्षात राहिले.

सागवानी पाळणा, जुन्या वाड्यातला. मुलीला बाळ झालेलं, ती हैदराबादला. काका-काकू रिक्षातून पाळणा जसाच्या तसा घेऊन आले. काट्यावर भरला 15 किलो. मी टेप लावला, 90 बाय 60 बाय 75 सेंटिमीटर. गुणाकार केला, 5000 ने भागलं आणि सांगितलं, "काका, 81 किलोचे पैसे होतील."

"काटा बिघडलाय का?"

"काटा बरोबर आहे. वस्तू गाडीत जागा किती अडवते त्यावरून एक वजन निघतं. खरं वजन आणि हे, यात जे जास्त त्याचं बिल."

"म्हणजे मी मुलीला हवा पाठवतोय आणि तुम्ही तिचं भाडं घेताय! वर 18 टक्के जीएसटी!"

खरं सांगायचं तर व्याख्या अचूक होती. मागे रांगेत कोणीतरी हसलं.

काकूंनी गुलटेकडीच्या ट्रान्सपोर्टचं विचारलं. स्वस्त पडतं, पण बऱ्याचदा माल तिकडच्या गोडाऊनला उतरतो. बिल्टी, म्हणजे मालाची पावती, दाखवून, हमाली देऊन, टेम्पो करून घरी आणायचा. बाळंतिणीच्या नवऱ्याला कुठे पळवणार? मग मी पाळण्याकडे नीट पाहिलं. कोपऱ्यांवर खिळा एकही नव्हता, नुसत्या लाकडी खुंट्या, आणि त्यांची डोकी जराशी वर आलेली.

"काका, हा सुटतो बहुतेक."

"आजोबांच्या वेळचा आहे, मोडेल!"

शेजारच्या फर्निचरवाल्याच्या कारागिराला हाक मारली. त्याने लाकडी हातोडीने हलकेच ठोकलं आणि खुंटी अलगद बाहेर आली. पट्टी निघाली, तिच्या टोकाला पटाशीने मारलेली एक खाच. समोरच्या भोकाशेजारीही एकच. पुढच्या सांध्याला दोन-दोन, मग तीन-तीन. कोणती पट्टी कुठे बसवायची ते सुताराने तेव्हाच लिहून ठेवलेलं. काकूंना आठवलं, "अहो, सासूबाई म्हणायच्या, बारशापुरता माळ्यावरून काढायचा आणि पुन्हा बांधून ठेवायचा." काका पहिल्यांदाच गप्प. खाचांचे फोटो काढून त्यांनी तिथूनच जावयाला पाठवले.

इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानातून टीव्हीचा रिकामा खोका आणला, चपटा आणि रुंद, अगदी हवा तसा. कापून बेतला. माप झालं 92 बाय 60 बाय 18. आमचे मालक आतून डोळे वटारत होते, कारण कमिशन बिलावर असतं. मी दुर्लक्ष केलं.

"19.872," काका फोनच्या कॅल्क्युलेटरवर बघत म्हणाले. "तुम्ही 20 का लावता?"

"अपूर्णांक वरच्या किलोला जातो."

"मग 20 किलो भरायचा हक्क आमचा."

मुद्दा बिनतोड. खोक्यासकट वजन होतं 16. काकूंनी रिक्षातून पिशवी आणवली. लुगड्याची गोधडी पट्ट्यांच्या मधे, दुपटी कोपऱ्यांना, टोपडी आणि झबली फटींत. बबल रॅप लागलाच नाही. फक्त खोक्याला पोट सुटू दिलं नाही. आमच्या हबमधलं मशीन सर्वात फुगलेल्या जागेचं माप धरतं, आणि 18 चे 20 सेंटिमीटर झाले असते तर 20 किलोचे थेट 23. म्हणून मी मधे तळवा दाबून बसले आणि कारागिराने टेप मारला. काकांनी 'जुनी घरगुती वस्तू, विक्रीसाठी नाही' असं लिहून सही केली.

काट्यावर 19.75 आलं. मी पावती फाडायला घेतली, तेवढ्यात काका म्हणाले, "थांबा. अजून पाव किलो जागा आहे."

काकूंनी पर्समधून अळिवाची पुडी काढली आणि मला म्हणाल्या, "बाई, एक बाजू जरा उघडता का?"