बरणीतलं सोवळं

टिश्यू कल्चरच्या, म्हणजे झाडाच्या छोट्या तुकड्यापासून बरणीत रोपं वाढवायच्या, प्रयोगशाळेत महागडी यंत्रं असतात, पण सगळा डोलारा उभा असतो काचेच्या बरणीवर. दिसायला जॅमच्या बाटलीची बहीण. झाकण मात्र 121 अंशांची वाफ सोसणाऱ्या प्लॅस्टिकचं. तळाशी बोटभर जेली आणि तिच्यात केळीचे चार-पाच हिरवे कोंब.

ही जेली बहुतेक वेळा मुराशिगे आणि स्कूग या दोन संशोधकांच्या 1962 सालच्या कृतीने होते. तंबाखूच्या पानांच्या रसात एखादं नवं वाढद्रव्य सापडेल म्हणून ते शोधत होते. निघाले मुख्यतः साधे क्षार! त्यात लिटरला 30 ग्रॅम साखर, 7-8 ग्रॅम अगार (जेली घट्ट करणारं द्रव्य) आणि सामू, म्हणजे pH, 5.8. इथे 'चवीपुरतं' चालत नाही. सामू पाचाखाली घसरला तर अगार धड गोठत नाही आणि कोंब आडवे होतात. साखर एवढ्यासाठी, की बरणीतल्या कोंबाला स्वतःचं अन्न जेमतेमच करता येतं. आणि साखर म्हटली की बुरशीला आमंत्रणच.

म्हणून सोवळं. भरलेल्या बरण्या ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे मोठ्या प्रेशर कुकरसारख्या यंत्रात, 15 पौंड दाबावर वीसेक मिनिटं. दाब शून्यावर यायच्या आत घाईने वाफ सोडली, की माध्यम (म्हणजे तीच जेली) उसळून झाकणाला लागतं आणि त्या ओल्या कडेवरून बुरशी आत शिरते. जास्त वेळ ठेवलं तर साखर करपून जेली तपकिरी होते. पुढे लॅमिनार हूड, म्हणजे स्वच्छ हवेत काम करायचं कपाट: गाळलेली हवा मागून पुढे वाहते, म्हणून हात उघड्या बरणीच्या मागे न्यायचा नाही. पुसायला अल्कोहोल 70 टक्केच. शुद्ध जास्त चांगलं, असं नव्याला वाटतं. पण ते भुर्रकन उडतं आणि पाण्याशिवाय जंतूंवर त्याचं नीट चालतही नाही. हूडसमोर बसणाऱ्या बहुधा मुलीच. बांगड्या बाहेर, केस टोपीत, बोलणं बंद. हे सोवळं जात विचारत नाही, हात धुतलेत का एवढंच विचारतं.

चूक झाली तर बुरशीचा कापूस तीन-चार दिवसांत दिसतो. जिवाणू जास्त लबाड. काही कोंबाच्या आतच दडलेले असतात आणि कोंब सुटे करून नव्या बरणीत लावायच्या चार-पाच फेऱ्यांनंतर बुडाशी दुधी वलय उमटतं. विषाणू तर दिसतही नाही. म्हणून ज्या झाडाचा मुनवा (बुंध्याशी फुटणारं पिल्लू) घ्यायचा, त्याचीच पर्णगुच्छ या विषाणूरोगासाठी आधी तपासणी. ती चुकली, तर स्वच्छ बरण्यांत रोगाच्याच हजार प्रती निघतात.

बरणी कधी चकितही करते. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत 1990 साली बांबूला बरणीतच फुलं आली. एरवी त्यासाठी काही दशकं थांबावं लागतं. इथे माध्यमात नारळाचं पाणी आणि सायटोकायनिन हे वाढद्रव्य होतं.

केळीचं रोप मात्र बरणीबाहेर येताना लाडावलेलं असतं. आत हवा दमट, त्यामुळे पानावर मेणाचा थर नाही, पर्णरंध्रं मिटायची सवय नाही. थेट उन्हात ठेवलं तर तासाभरात मान टाकतं. मुळांची जेली कोमट पाण्याने पुरती धुवायची, नाहीतर तिथेच कूज धरते. मग कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), प्लॅस्टिकचा आडोसा, शेडनेट. आणि रिकाम्या बरण्या परत धुवायला. बुरशीवाली तेवढी वेगळी: ती झाकणासकट आधी ऑटोक्लेव्हमध्ये, मग मोरीत.