प्रकाशाच्या कुंपणाआतले पोकेमॉन

कोथरूड, पुणे. रविवार, रात्र

‘पोकेमॉन लेजेंड्स: झेड-ए’ या व्हिडिओ खेळाची मुख्य कथा आज पूर्ण झाली. शेवटची लढाई अजून डोक्यात घोळत आहे, तोवरच या खेळातले काय आवडले आणि काय खटकले ते लिहून ठेवतो, कारण पुढच्या भागाची चर्चा सुरू झाली की हातातल्या भागाविषयीचे नेमके मत विरून जाते.

निंटेंडो स्विच आणि स्विच २ या दोन्ही यंत्रांसाठी हा खेळ १६ ऑक्टोबर २०२५ रोजी आला. त्याची सर्वांत धाडसी गोष्ट म्हणजे तो सुरुवातीपासून शेवटपर्यंत लुमिओज या एकाच शहरात घडतो. पोकेमॉन म्हणजे पकडून, वाढवून लढवायचे काल्पनिक प्राणी. आजवर त्यांचा खेळ म्हटला की गावामागून गाव, मधली पायवाट, उंच गवत आणि त्या गवतातून अचानक समोर येणारा एखादा प्राणी असा क्रम ठरलेला असे. २०१३ सालच्या ‘एक्स’ आणि ‘वाय’ या जोडखेळांत हेच लुमिओज प्रवासातला एक मोठा मुक्काम होते. पॅरिसवर बेतलेले, मधोमध प्रिझम टॉवर आणि भोवती पाच रंगांच्या नावांचे पाच चौक. नवी कथा त्यानंतर पाच वर्षांनी घडते आणि शहराच्या वेशीबाहेर पाऊल टाकू देत नाही.

हे बंधन मला मनापासून आवडले. सदाशिव पेठेत वाढलेल्या माणसाला कोणत्या बोळातून गेले की लक्ष्मी रस्त्याची गर्दी टळते हे जसे सांगावे लागत नाही, तसे हळूहळू या शहराचे होते. आरंभी मी नकाशा उघडल्याशिवाय दहा पावलेही चालत नव्हतो. नंतर नंतर कोणत्या गल्लीच्या टोकाला शिडी आहे, कोणत्या गच्चीवरून पलीकडच्या गच्चीवर तरंगत जाता येते, कुठल्या झाडाला काकुना हे कोषासारखे पोकेमॉन लटकलेले असतात हे पायांनाच ठाऊक झाले. पोकेमॉन गोळा करण्याचा खरा आनंद यादीतल्या खुणांपेक्षा ‘हा इथे राहतो’ हे कळण्यात आहे, असे मला फार पूर्वीपासून वाटत आले आहे. आज अस्तित्वात असलेल्या हजारांहून अधिक पोकेमॉनपैकी या खेळात (विकतची पुरवणी सोडून) सुमारे २३० च आहेत, तरीही संग्रह तोकडा वाटला नाही, याचे कारण हेच असावे.

मंगळवार

लढाईविषयी परवा काहीच लिहिले नाही, म्हणून आज सविस्तर लिहितो, कारण या खेळातला माझा सर्वाधिक आवडता भाग तोच आहे.

मालिकेच्या मुख्य खेळांत आजवर पाळीपाळीने वार होत: एक वार तुमचा, एक वार समोरच्याचा, आणि विचार करायला हवा तेवढा वेळ. या वेळी सगळे त्या क्षणी घडते. चार वार चार बटणांवर असतात, प्रत्येक वारानंतर तो पुन्हा वापरण्यासाठी ठरावीक काळ थांबावे लागते आणि प्रत्येक वाराचा पल्ला वेगळा असतो. वाचताना हा तांत्रिक तपशील वाटतो, परंतु खेळताना त्यामुळे जागेला अर्थ येतो. मी आरंभीच्या चिकोरिटा, टेपिग आणि टोटोडाइल या तिघांपैकी टोटोडाइल निवडले होते. रात्री शहराचा एखादा भाग लढतीसाठी लाल सीमेने आखला जातो आणि त्या भागात दबा धरून बसलेल्या प्रशिक्षकांशी, म्हणजे पोकेमॉन लढवणाऱ्या इतर माणसांशी, गाठ पडते. अशाच एका रात्री अरुंद गल्लीत समोरच्याचा पोकेमॉन लांबून मारा करत होता आणि माझ्या टोटोडाइलचा ‘बाइट’ हा वार मात्र अगदी जवळ गेल्याशिवाय लागत नाही. आज्ञा दिली की ते धावत सुटे आणि पोहोचण्याआधीच मार खाई. मग मी आज्ञा देणे थांबवले. आज्ञा नसली की आपला पोकेमॉन आपल्या मागोमाग येतो, म्हणून मी स्वतःच कोपऱ्याच्या भिंतीआड सरकलो, टोटोडाइल माझ्याजवळ आले, समोरच्याचा मारा भिंतीवर आपटून वाया गेला आणि तो पुढे सरकताच दोन पावलांच्या अंतरावरून ‘बाइट’ बसला. इतकी वर्षे मी या प्राण्यांना मागे उभा राहून हुकूम सोडत आलो. त्यांच्यासोबत लढल्याची भावना मात्र मला इथे पहिल्यांदा आली. वार आपल्यालाही लागतात, त्यामुळे प्रशिक्षकालाही कोलांटी घेऊन चुकवाचुकवी करावी लागते, हे तर उत्तमच आहे.

या नव्या रचनेपायी प्रत्येक पोकेमॉनचा अंगभूत गुण मात्र काढून टाकला आहे आणि त्याची उणीव मला सतत जाणवली. मैदानात येताच समोरच्याचा जोर कमी करणारा ‘इंटिमिडेट’ हा गुण ज्याच्याकडे असे, त्या पोकेमॉनला एक स्वभाव असे. आता दोन पोकेमॉनमधला फरक बराचसा वारांवर आणि आकड्यांवर आला आहे. धावपळीच्या लढाईत इतके नियम सांभाळणे कठीण होते हे मान्य केले, तरी मोजके गुण ठेवता आले असते.

मेगा इव्होल्यूशन, म्हणजे लढाईत पोकेमॉनने काही काळ अधिक बलवान रूप घेणे, परत आले याचा आनंद आहे. ताबा सुटलेल्या मेगा पोकेमॉनशी होणाऱ्या मोठ्या लढाया चांगल्या रचल्या आहेत. त्यांच्या माऱ्यातून वाट काढत ऊर्जा गोळा करायची आणि मग आपल्या पोकेमॉनचे रूप पालटायचे, यात खरोखर दम लागतो. रात्रीच्या स्पर्धेची श्रेणी ‘झेड’पासून ‘ए’पर्यंत चढत जाते, पण मधली बरीच अक्षरे कथा एका उडीत ओलांडते. चढण मेहनतीने चढण्यासाठीच मी बसलो होतो, त्यामुळे ती उडी मला बक्षीस वाटली नाही.

शनिवार

आज दुपारी भाचा आला होता. तो आठवीत आहे आणि माझ्यापेक्षा चपळ खेळतो. शहरात जागोजागी ‘वाइल्ड झोन’ नावाचे राखीव भाग आहेत, त्यांतल्या पहिल्याच भागात तो पिजी आणि मारीप यांच्यामागे दबकत फिरत होता. या भागांना प्रकाशाचे कुंपण आहे. माणूस आतबाहेर करू शकतो आणि पोकेमॉन आतच राहतात.

त्याने विचारले, “मामा, यांना बाहेर का नाही येऊ देत?”

“आले तर काय होईल, तुला काय वाटते?”

“लोक मागे लागतील,” तो म्हणाला, आणि खेळत राहिला.

९ डिसेंबर २०२० रोजी आमच्या कोथरूडमध्ये, महात्मा सोसायटीच्या परिसरात, एक गवा शिरला होता. माणसांची गर्दी आणि आरडाओरडा यांनी भेदरून तो कितीतरी वेळ धावत राहिला, अखेर त्याला बेशुद्ध करून पकडण्यात आले आणि त्यानंतर तो मरण पावला. भाचा तेव्हा लहान होता, परंतु आमच्या भागातल्या मुलांनी ती हकिकत घराघरांत ऐकलेली आहे. त्याच्या उत्तरानंतर खेळाबद्दलची माझी मुख्य तक्रार मला स्वच्छ दिसली.

लुमिओजच्या पुनर्विकासाचे घोषित उद्दिष्ट माणूस आणि पोकेमॉन यांनी एकत्र राहावे हेच आहे. एक बडी कंपनी ते काम करते, कथा जसजशी पुढे सरकते तसतसे नवे राखीव भाग उघडतात आणि त्यांची संख्या २० पर्यंत जाते. म्हणजे शहराचे चौक, बागा, अंगणे एकेक करून प्राण्यांकडे जातात. काय विलक्षण विषय आहे हा! रोजच्या वाटेवर भिंत उभी राहिलेल्या दुकानदाराचे काय, कुंपणालगत घर असलेल्या आजीबाईंचे काय, आणि आत कोंडलेल्या कळपाचे काय? एखाद-दुसरा रहिवासी कुरकुरतो, आपण त्याचे छोटे काम करून देतो आणि विषय मिटतो. कुंपण कधी तुटत नाही, कोणी चुकून बाहेर येत नाही, कोणाला कोणाची भीती बाळगत शेजारी राहावे लागत नाही. वेताळ टेकडीवर मोर पाहणारे आणि सोसायटीतल्या झाडावर राखी धनेशाची जोडी शोधणारे आम्ही पुणेकर रोज या प्रश्नाच्या काठावर राहतो. म्हणून मला तो प्रश्न खेळाने धरून ठेवायला हवा होता.

पोकेमॉनचे जनक सातोशी ताजिरी लहानपणी कीटक गोळा करत. टोकियोच्या उपनगरात, माचिदा इथे, त्यांच्या डोळ्यांदेखत शेते आणि तळी बुजून घरे उभी राहिली, आणि कीटक पकडण्याचा तो आनंद पुढच्या मुलांना मिळावा या इच्छेतून १९९६ साली पहिला खेळ आला. शहराने गिळलेले रान हे या मालिकेच्या मुळाशीच आहे. संपूर्ण खेळ शहरात घडवण्याचे धैर्य ज्यांनी दाखवले, त्यांनी ही गोष्ट अधिक खोलात जाऊन सांगायला हवी होती.

शहराची बांधणीही त्यामुळेच अधिक खटकते. गच्चीवर जाता येते, पण खालच्या मजल्यांचे सज्जे आणि खिडक्या बहुतेक ठिकाणी भिंतीवर चिकटवलेल्या सपाट चित्रासारख्या आहेत. मी एका इमारतीजवळ मुद्दाम भिंतीला लागून उभा राहिलो आणि नजर वर नेली, तर सज्जाच्या कठड्याला जाडीच नव्हती. आत जाता येईल अशी घरे फार थोडी आहेत. उपाहारगृहांबाहेर माणसे आणि पोकेमॉन एकाच बाकावर बसलेले दिसतात आणि ते दृश्य मला फार प्रिय आहे. पण ही माणसे संध्याकाळी कोणत्या दाराने घरी जातात, ते दार कुठेच नाही. शिवाय महत्त्वाच्या प्रसंगांतही पात्रांचे नुसते ओठ हलतात, आवाज येत नाही. कथेतला तीन हजार वर्षे जगलेला एझी बोलतो तेव्हा तरी त्याचा आवाज ऐकू यायला हवा होता.

पैशांबद्दल एकदाच लिहितो. ‘मेगा डायमेन्शन’ ही विकत घ्यायची पुरवणी मूळ खेळ येण्याच्या सुमारे महिनाभर आधीच जाहीर झाली होती, आणि ग्रेनिंजा या पोकेमॉनच्या मेगा रूपासाठी लागणारा दगड ऑनलाइन स्पर्धेत श्रेणी चढल्यावर मिळणारे बक्षीस म्हणून ठेवला गेला. ज्याच्याकडे ऑनलाइन सदस्यत्व नाही, त्या मुलाने तो पोकेमॉन प्रेमाने वाढवला तरी त्याला अडून राहावे लागते. हे मला अजिबात पटले नाही.

पुरवणी मी सध्या घेणार नाही. आधी मूळ संग्रह पुरा करायचा आहे, आणि भाच्याला पुढच्या शनिवारी मेगा ड्रॅगोनाइट दाखवण्याचे कबूल केले आहे. त्यासाठीचा, वाढून ड्रॅगोनाइट होणारा ड्रॅटिनी अजून पकडायचा आहे.