वारा चालूच होता

३ जुलै, गुरुवार

आज तिसऱ्यांदा. कॉम्प्युटरवरच्या शर्यतीच्या शेवटच्या वळणावर गाडी पुढे होती, स्क्रीन काळा झाला आणि क्षणात मदरबोर्डचा लोगो आला. विंडोजचा निळा पडदा नाही, चूक सांगणारा संदेश नाही, काही नाही. अर्धवट वाक्यात कोणीतरी उठून निघून जावं तसं.

मार्चमध्ये एका रविवारी मी हा कॉम्प्युटर जोडला. रायझन ५ ५६०० प्रोसेसर, बी५५० मदरबोर्ड, आठ-आठ जीबीच्या रॅमच्या दोन पट्ट्या, आरटीएक्स ३०६० ग्राफिक्स कार्ड आणि ५५० वॅटचा एसएमपीएस, म्हणजे आत सगळ्यांना वीज पुरवणारा डबा. पावणेदोन वर्षांची बचत. तीन महिने कुरकूर केली नाही. मिरग लागला, गोव्यातल्या आमच्या साखळी गावात पावसाने तळ ठोकला आणि हे सुरू झालं.

इव्हेंट व्ह्यूअर, म्हणजे विंडोजची नोंदवही, उघडला. लाल खूण, कर्नल-पॉवर ४१. ही नोंद पुढच्या वेळी चालू होताना लिहिली जाते आणि सांगते इतकंच, की मागच्या वेळी कॉम्प्युटर रीतसर बंद झाला नव्हता. गावच्या राखणदाराला विचारावं आणि त्याने 'रात्री कायतरी झालं खरं' म्हणावं, त्यातला प्रकार. कोसळण्याचं कारण सांगणारा बगचेक कोड ० म्हणजे विंडोजला मरताना बोलायलाही सवड मिळाली नाही. याचा अर्थ दोष बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये नसून विजेच्या वाटेवर कुठेतरी आहे, एवढं मला कळतं. पण ती वाट केवढी लांब! खांबापासून प्रोसेसरपर्यंत.

५ जुलै, शनिवार

पहिला संशय उष्णतेवर. कॅबिनेट माझ्या टेबलाच्या आणि आजीच्या खाटेच्या मध्ये एका स्टुलावर आहे, कारण या खोलीत दुसरी जागाच नाही. वरच्या जाळीवर धाकट्याचे शाळेचे मोजे पसरलेले होते. आजीचा उद्योग. पावसात दोरीवरचे कपडे तीन दिवस कुबट राहतात आणि माझ्या कॉम्प्युटरमधून फुकटचा गरम वारा येतो, हे तिने जूनमध्येच हेरलं. मोजे उचलून खाटेवर टाकले, बाजूची काच काढली, ब्रशने धूळ झाडली.

मग ओसीसीटी नावाची चाचणी लावून प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड दोघांनाही एक तास एकदम राबवलं. प्रोसेसर ७६ अंश, कार्ड ७१. दोन्ही मजेत. इकडचा डोळा तिकडे न करता बसून होते, पडला नाही.

चाचणीत पडत नाही आणि खेळताना पडतो. याचा राग येतो. दाताच्या डॉक्टरकडे पोचल्यावर दाढ दुखायची थांबते तसं.

६ जुलै, रविवार

आषाढी. आजी सकाळीच विठ्ठलापूरला गेली ती संध्याकाळी आली. घरात उपासाचं. मी साडेचार तास खेळले. काही झालं नाही. पांडुरंगाची कृपा म्हणून सोडून दिलं. (हे वाक्य नंतर वाचून मलाच हसू येणार आहे, असं तेव्हा वाटत नव्हतं. हा कंस २७ तारखेला घातला.)

९ जुलै, बुधवार

सोमवारी एकदा, मंगळवारी दोनदा. आता रॅम.

रॅमच्या डब्यावर ३२०० लिहिलेलं असतं, पण तो वेग आपोआप मिळत नाही. बायोसमध्ये, म्हणजे मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये, एक्सएमपी नावाची सोय चालू करावी लागते, नाहीतर माझ्या बोर्डावर ती २१३३ वरच चालते. म्हणजे ३२०० हा एका अर्थी दामटलेला वेग. काही जोड्यांना तो झेपत नाही. एक्सएमपी बंद केलं. दोन्ही पट्ट्या काढून परत बसवल्या, प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत, टक् आवाज येईपर्यंत. रात्री पेनड्राइव्हवरून रॅम तपासणारं मेमटेस्ट८६ लावून झोपले. आजीला त्या निळ्या उजेडाने झोप येईना म्हणून स्क्रीनवर तिचंच लुगडं टाकलं. सकाळी चारही फेऱ्या पूर्ण, चुका ०.

संध्याकाळी खेळायला बसले. चाळीस मिनिटं. धप्प.

घरात आम्ही कोंकणी बोलतो, लिहिते मी मराठीत, आणि शिव्या आज कुठल्या भाषेत दिल्या ते आठवत नाही.

१२ जुलै, शनिवार

बाबांनी सूत्रं हातात घेतली. बाबा कदंब बसच्या डेपोत मेकॅनिक, निवृत्तीला दोन वर्षं राहिली आहेत. त्यांचं निदान चहा संपायच्या आत झालं: अर्थिंग. बाबांच्या मते जगातले निम्मे बिघाड अर्थिंगचे असतात आणि उरलेले निम्मे ड्रायव्हरचे.

मीटर लावला. फेज-न्यूट्रल २३१ व्होल्ट, फेज-अर्थ २२९, न्यूट्रल-अर्थ दोनच्या आसपास. माझ्या मते ठीक. बाबांच्या मते 'मीटराक कितें कळटा'. मग दोघं रेनकोट घालून घरामागे. अर्थिंगच्या खड्ड्यावर धाकट्याने सायकलचं जुनं टायर आणि आईने अळूची रोपं ठेवलेली. क्लॅम्प गंजला होता तो घासून आवळला. बाबांनी एक किलो खडे मीठ ओतलं. जांभ्या जमिनीत उन्हाळ्यात पाणी टिकत नाही, त्यामुळे अर्थिंग सुकतं, म्हणून मीठ-कोळसा घालतात, हे त्यांनी समजावून सांगितलं. मी विचारलं, पण आत्ता तर खड्ड्यात गुडघाभर पाणी आहे. त्यावर त्यांनी मला टॉर्च नीट धरायला सांगितलं.

अळू मात्र मेलं. आई दोघांशीही बोलत नाहीये.

१६ जुलै, बुधवार

म्हापशाच्या मैत्रिणीने तिचा ६५० वॅटचा एसएमपीएस चार दिवसांसाठी दिला. दोन प्लास्टिकच्या पिशव्यांत गुंडाळून स्कूटरच्या पायाशी ठेवून आणला, बाळासारखा.

हिशेब असा. कार्ड १७० वॅट, प्रोसेसर ६५ म्हणतात पण जोर आला की त्याहून वर जातो, बाकी किडुकमिडुक. ५५० पुरेसे आहेत. तरी बेरीज पुरणं वेगळं आणि झटका सोसणं वेगळं. ग्राफिक्स कार्ड सरासरी १७० खात असलं तरी मिलिसेकंदापुरती त्याची मागणी बरीच उसळते, आणि एसएमपीएस कच्चा असेल तर तेवढ्यात दम टाकतो. १२ व्होल्टच्या तारेला पाच टक्के वरखाली चालतं, म्हणजे ११.४ च्या खाली जाता कामा नये. माझ्या जुन्याचा आकडा सॉफ्टवेअरमध्ये ११.८ दिसायचा. नियमात बसतो, पण मन आधीच ठरवून बसलं की ११.८ सुद्धा आजारी दिसतो.

बदलला. रात्री तीन तास खेळले. पडला नाही.

१९ जुलै, शनिवार

सलग चार दिवस नाही. पावसानेही उघडीप दिलीय, वाळवंटी नदी उतरली, आईने गोधड्यासुद्धा बाहेर घातल्या. सगळीकडे आनंदीआनंद. नवा एसएमपीएस मागवला, ५,८०० रुपये. बाबांना ५,००० सांगितले.

मैत्रिणीचा परत केला. तिला 'दोष सापडला' असा लांबलचक मेसेज पाठवला. (त्या मेसेजमधला आत्मविश्वास आता वाचवत नाही. हाही कंस २७ तारखेचा.)

२५ जुलै, शुक्रवार

नवा एसएमपीएस बुधवारी बसवला. वायरी यावेळी इतक्या देखण्या बांधल्या की फोटो काढून ठेवला. पाऊस कालपासून परत धो धो.

आज रात्री साडेनऊला पडला. पावणेदहाला परत पडला.

मी हेडफोन काढून ठेवला आणि नुसती बसून राहिले. ५,८०० रुपये. डब्यावर लिहिलंय, उघडल्यावर परत घेत नाहीत. रडू आलं असं लिहीत नाही, पण उजेड बंद करून बसले एवढं खरं.

अंधारात आजी म्हणाली, "झालें गो खेळून?"

म्हटलं, "बंद पडला आजी. परत."

"बंद खंय पडला? गरम वारो येताच आसा न्हय."

मी म्हटलं, झोप गो तू. आणि ती झोपली. मी जागी.

कारण तिचं बरोबर होतं.

२६ जुलै, शनिवार

ऑफिसला सुट्टी. पहाटे पाचपासून डोक्यात तेच. नीट लिहून काढते.

एसएमपीएस दगावतो किंवा जास्त भार आला म्हणून स्वतःला वाचवायला बंद होतो, तेव्हा सगळंच थांबतं. पंखे थांबतात, दिवे जातात, बहुतेकदा मागचं बटण बंद-चालू केल्याशिवाय तो उठतही नाही. माझा कॉम्प्युटर तसा कधीच मेला नव्हता. काळा पडदा आणि लगेच लोगो. मधे पंखे फिरत होते की थांबत होते हे मला सांगताच आलं नसतं, कारण माझ्या कानांवर हेडफोन आणि डोळे पडद्यावर. ज्या बाजूला वारा येतो त्या बाजूला आजीचे पाय असतात. संधिवाताचे. तिला वारा खंडला असता तर आधी कळलं असतं.

वारा न थांबता कॉम्प्युटर नव्याने सुरू होतो, तो कसा? रीसेट दाबल्यावर.

बाबांना उठवलं. म्हटलं, गाडी बंद पडत नाही, कोणीतरी गिअर काढतंय. ते लुंगी सावरत आले, मीटर घेऊन.

कॅबिनेटच्या वरच्या कडेला दोन बटणं आहेत, मोठं चालू करायचं आणि बाजूला करंगळीएवढं रीसेटचं. ते मी आजवर एकदाही दाबलेलं नाही. त्याची दोन पदरी बारीक वायर खाली मदरबोर्डच्या कोपऱ्यात दोन काड्यांवर बसते. काम एकच: दाबलं की त्या दोन काड्या एकमेकींना टेकतात आणि बोर्ड सगळं सोडून पहिल्यापासून सुरू करतो. वायर काढली, टोकांना मीटर लावला. बटण न दाबता तिथे काहीच वहायला नको. आकडा नाचत होता. चारशे ओहम, नऊशे, मग तीनशे. बाबांनी बटणावर फुंकर मारली तर बाराशे.

"ओलें आसा," बाबा म्हणाले.

आम्ही दोघांनी एकाच वेळी वर पाहिलं. जाळीवर मोज्यांचे दोन जोड. धाकट्याचे, फुटबॉलचे, पिळून न काढलेले. एकाचं टोक बरोबर बटणावर लोंबतंय.

मग एकेक गाठ सुटत गेली, आणि मला इतकं लाजल्यासारखं झालं की सांगता सोय नाही. मी खेळते तेव्हाच कॉम्प्युटर तापतो, तापतो तेव्हाच आजी मोजे वाळत घालते, म्हणून खेळतानाच पडतो. चाचणी लावायच्या आधी मी शिस्तीत वरचं सगळं उचलून ठेवायचे, म्हणून चाचणीत कधी पडला नाही. मेमटेस्ट रात्रभर, तेव्हा आजी घोरत होती. एकादशीला ती विठ्ठलापुरात. म्हापशाच्या एसएमपीएसचे ते चार सुखाचे दिवस, तेव्हा ऊन होतं आणि मोजे अंगणातल्या दोरीवर. नुसतं पाणी फारसं वाहू देत नाही, पण साबणाचं आणि घामाचं पाणी चांगलंच वाहू देतं, आणि महिनाभर रोज थेंब थेंब पिऊन त्या बटणाच्या आत हिरवट बुरा धरला होता. बाबांनी ते स्क्रू-ड्रायव्हरने उघडून दाखवलं. डेपोतल्या बॅटरीच्या टोकांवर येतो तसाच.

मी तीन आठवडे मीटर, आकडे, आलेख बघत होते. मोजे पण बघत होते. दर वेळी उचलून बाजूला ठेवत होते!

२७ जुलै, रविवार

सिद्ध केल्याशिवाय चैन पडेना. वायर परत जोडली, खेळ लावला आणि मुद्दाम ओला मोजा बटणावर ठेवला. अकराव्या मिनिटाला पडला. वारा चालू. वायर काढली, तोच मोजा तिथेच. दोन तास काही नाही. बाबांना इतका आनंद झाला की त्यांनी शेजारच्या काकांना बोलावून आणलं. मीठ टाकल्याचा विषय कोणी काढला नाही.

रीसेटची वायर आता टेप लावून कॅबिनेटच्या आत लोंबत सोडलीय. ते बटण नाही म्हणून काही अडत नाही. एक्सएमपी परत चालू केलं. जुना एसएमपीएस माळ्यावर, देखण्या वायरींचा नवा आत. मैत्रिणीला खरं काय झालं ते अजून सांगितलेलं नाही.

आजीला सांगितलं. रागावले नाही, हसतहसतच सांगितलं, तरी ती गप्प झाली आणि दुपारभर मोजे हातात घेऊन खिडकीशी बसली. संध्याकाळी बाबांनी कॅबिनेटच्या मागे, वाऱ्याच्या वाटेत पण वीतभर दूर, दोन खिळे ठोकून सुतळी बांधली. खाली जुनं ताट, थेंबांना.

आत्ता रात्रीचे नऊ. मी रोजनिशी लिहितेय, कॉम्प्युटर बंद आहे. खाटेवरून विचारणा झाली आहे, आज खेळत नाहीस का गो, उद्या त्याला शाळा आहे आणि मोजे ओलेच आहेत.