तुम्ही विचारलंत म्हणून: जुन्या ऑटोमॅटिकमध्ये लाल तेल कुठलं टाकायचं?

"ताई, गाडी जुनी आहे, ऑटोमॅटिक आहे, गिअरबॉक्सात ऑइल कुठलं टाकू?" हा प्रश्न मला महिन्यातून दोनदा तरी येतोच. कधी फोनवर, कधी पोवई नाक्यावर सिग्नलला थांबलेलं असताना शेजारच्या गाडीतून, आणि एकदा तर लग्नात हातात अक्षता असताना. मी मेकॅनिक नाही हो, पतसंस्थेत हिशेब बघते. पण २००६ ची कोरोला ऑटोमॅटिक गेली बारा वर्षं साताऱ्यात चालवतेय आणि ती अजून चालतेय, एवढंच आपलं क्वालिफिकेशन. त्यातून एकदा चुकीचं तेल टाकून हात पोळून घेतलेत, म्हणून लोक विचारतात आणि म्हणून मी सांगते.

गाडी घेतली ती अण्णांमुळे. त्यांचा डावा गुडघा गेला, क्लच दाबताना डोळ्यात पाणी यायचं, पण गाडी चालवायची हौस काही जाईना. मग पुण्याहून सेकंडहँड आणली. तेव्हा आमच्या गल्लीत ऑटोमॅटिक म्हणजे कौतुकच होतं, पोरं काचेतून वाकून बघायची की क्लच खरंच नाहीये का.

पहिली दोन वर्षं छान गेली. मग सर्व्हिसिंगच्या वेळी नेहमीच्या मिस्त्रींना म्हटलं, गिअरबॉक्सचं ऑइल कधी बदललंय कुणास ठाऊक, बदलून टाका. त्यांनी टाकलं. साधारण महिन्याभराने हायवेला आनेवाडी टोलनाक्याच्या अलीकडे साठ-पासष्टला गाडी थरथरायला लागली, म्हणजे कशी तर रस्त्यावर ते पांढरे पट्टे असतात ना रंबलरचे, त्यावरून गेल्यासारखी, दोन-तीन सेकंद, की परत शांत. अ‍ॅक्सिलरेटर सोडला की गायब, हलका दाबून धरला की परत सुरू. मिस्त्री म्हणाले माउंटिंग गेलंय. माउंटिंग बदललं. मग म्हणाले प्लग. प्लग बदलले. थरथर तशीच. यवतेश्वरच्या घाटात तर कासला जायची गर्दी असली की अण्णा म्हणायचे, गाडीला थंडी वाजतेय बघ.

उलगडा झाला तो निव्वळ योगायोगाने. गॅरेजमध्ये स्टुलावर बसले होते, समोर एक प्लॅस्टिकचा कॅन वरून अर्धा कापून त्यात नट-बोल्ट टाकून ठेवलेले. कॅनच्या आत कडेला लाल तेलाचा ओघळ वाळलेला. मी सहज म्हटलं, हेच का माझ्या गाडीत टाकलेलं? तर मिस्त्री म्हणाले हो, हेच की. कॅन फिरवून लेबल वाचलं. पॉवर स्टिअरिंगसाठी, टाइप ए सफिक्स ए.

"मिस्त्री, हे तर स्टिअरिंगचं आहे."

"ताई, लाल तेल म्हंजे लाल तेल. ट्रॅक्टरला चालतंय, ट्रकला चालतंय, तुमच्या गाडीला का नाय चालायचं?"

आता यात त्यांचा दोष किती आणि माझा किती हे मी अजून ठरवलेलं नाही. कारण गिअरबॉक्सच्या तेलाची पट्टी मी स्वतः कधी नीट बघितलीच नव्हती. घरी येऊन बॉनेट उघडलं, गिअरबॉक्सची डिपस्टिक, म्हणजे तेल मोजायची पट्टी, काढली, पुसली, उन्हात धरली, तर कुठलं तेल घालायचं ते तिच्यावरच कोरलेलं, टाइप टी-फोर. दोन वर्षं ते अक्षर माझ्या नाकासमोर होतं.

तर तुमच्या प्रश्नाचं पहिलं उत्तर हे, की रंगावर जाऊ नका. तेलात लाल रंग मुद्दाम घालतात, का तर गाडीखाली थेंब पडला तर इंजिन ऑइल गळतंय की गिअरबॉक्स गळतोय हे कळावं. बाकी त्या लाल रंगातून काहीही कळत नाही. टाइप ए सफिक्स ए हे जनरल मोटर्सचं १९५७ चं स्पेसिफिकेशन आहे. आपल्याकडे ट्रक-ट्रॅक्टरच्या पॉवर स्टिअरिंगसाठी ते अजून सर्रास मिळतं आणि तिथे ते मस्त काम करतं. पण १९५७ चं तेल २००६ च्या गिअरबॉक्सात म्हणजे आजोबांचा चष्मा नातवाला लावल्यासारखं झालं.

फरक काय पडतो म्हणाल, तर ऑटोमॅटिकमधलं तेल नुसतं वंगण नसतं. इंजिनाची ताकद टॉर्क कन्व्हर्टरमधून पुढे नेतं ते तेलच, गिअर बदलायला आतले क्लच दाबतं ते तेलाचंच प्रेशर, उष्णता रेडिएटरपर्यंत वाहून नेतं तेही तेच. आणि सगळ्यात अवघड काम म्हणजे तेलात बुडालेल्या त्या क्लचच्या चकत्यांनी एकमेकींना किती घट्ट धरायचं हे तेलातल्या मसाल्यावर ठरतं. मी लोकांना आखाड्याच्या मातीचं उदाहरण देते. तालमीत माती नुसती खणून टाकत नाहीत, त्यात ताक, तेल, लिंबू, हळद मिसळून ती मुरवतात, तेव्हा ती हाताला हवी तशी लागते. पार कोरडी ठेवली तर अंग सोलवटतं, तेल जास्त झालं तर पकडच बसत नाही. गिअरबॉक्सचंही तसंच, कंपनीने ज्या चकत्या घातल्यात त्यांना जुळेल असा मसाला त्या तेलात असतो, त्याला फ्रिक्शन मॉडिफायर म्हणतात. माझ्या गाडीत साठच्या पुढे टॉर्क कन्व्हर्टरमधला लॉक-अप क्लच, म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्स थेट जोडणारा, धरायला जायचा, त्या तेलात तो नीट धरेना, धर-सोड धर-सोड करायचा, तीच ती थरथर. माउंटिंग बिचारं चांगलं होतं.

जाता जाता एक गंमत सांगते. सुरुवातीच्या काळात हा मसाला म्हणून चक्क स्पर्म व्हेल माशाचं तेल वापरायचे, अमेरिकेत लाखो गाड्यांच्या गिअरबॉक्सात ते होतं. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला त्यावर बंदी आली आणि तेलवाल्यांना पर्याय शोधताना घाम फुटला. (मासा म्हटलं खरं, पण व्हेल मासा नाही हे माझ्या मुलीने लगेच सुनावलं.)

बरं, मग कुठलं टाकायचं. त्याआधी तुमची गाडी कुठल्या प्रकारची ऑटोमॅटिक आहे ते बघा, कारण निम्मे घोळ तिथेच होतात. २०१४ ला सेलेरिओ आली आणि तिथून पुढे आपल्याकडे एएमटी गाड्यांचा पाऊस पडला. त्यात क्लच पेडल नसतं म्हणून लोक ऑटोमॅटिक म्हणतात, पण आतमध्ये साधाच मॅन्युअल गिअरबॉक्स असतो आणि क्लच-गिअरचं काम मशीन करतं. त्यात गिअर ऑइलच लागतं, आपलं हे लाल तेल गिअरबॉक्सात घालायचं नसतं. कोरेगावचे आमचे एक मामा दोन लिटर लाल तेल विकत घेऊन आले होते एएमटीसाठी, मी त्यांना दुकानात परत पाठवलं. सीव्हीटी असेल तर तिचं तेल वेगळंच, तिथे पट्टा आणि पुली असतात आणि त्या पट्ट्याला पकड लागते, साधं एटीएफ, म्हणजे आपलं हे लाल तेल, टाकलं तर पट्ट्याचा सत्यानाश. उरली ती टॉर्क कन्व्हर्टरवाली जुनी ऑटोमॅटिक, लाल तेलाची खरी मालकीण ती.

तिच्यातही प्रत्येक घराण्याची रीत निराळी. त्या काळातल्या टोयोटा बऱ्याचशा टी-फोरवर. जुन्या ह्युंदाईच्या चार गिअरवाल्या आणि मित्सुबिशी, त्यांना एसपी-थ्री. होंडाला आधी झेड-वन होतं, नंतर होंडानेच त्याच्या जागी डीडब्ल्यू-वन आणलं, तेव्हा झेड-वन मिळत नाही म्हणून रडत बसू नका. डेक्सरॉन-थ्री लिहिलेलं असेल तर एक लक्षात ठेवा, जनरल मोटर्सने त्याचं लायसन्स देणं २००६ च्या अखेरीला बंद केलं, म्हणजे आज कॅनवर "डेक्सरॉन-थ्री" दिसतं ते तेल बनवणाऱ्याच्या स्वतःच्या हवाल्यावर. चांगल्या कंपनीचं असेल तर चिंता नाही, पण तीस वर्षं नाव न ऐकलेल्या कंपनीचं स्वस्त मिळतंय म्हणून घेऊ नका.

आणि "नवीन आहे म्हणजे चांगलंच असणार" हाही भ्रम आहे. टोयोटाचं पुढचं तेल डब्ल्यूएस, ते टी-फोरपेक्षा पातळ असतं. एका ओळखीच्यांनी शोरूममधून मोठ्या हौसेने तेच आणलं होतं, महाग म्हणजे भारी असं समजून. जुन्या गिअरबॉक्सच्या सील आणि फटी जाडसर तेलाच्या हिशेबाने असतात, त्यात पातळ घालून तुम्हाला मिळणार काय? ते सगळ्या गाड्यांना चालणारं मल्टी-व्हेइकल तेल असतं त्याबद्दल पण विचारतात. मी त्याच्या विरोधात नाही, पण कॅनच्या मागे तुमच्या स्पेसिफिकेशनचं नाव हवं. टी-फोरला जेडब्ल्यूएस ३३०९ असाही नंबर आहे, तो दिसला की मला बरं वाटतं.

मॅन्युअल हरवलंय म्हणता? जुन्या गाडीचं मॅन्युअल कुणाकडे असतं! आधी डिपस्टिक वाचा. तिथे नसेल तर आरसी बुकातला चॅसी नंबर घेऊन डीलरच्या पार्ट्स काउंटरला फोन करा, तो माणूस दोन मिनिटांत सांगतो. फक्त सर्व्हिस अ‍ॅडव्हायजरला विचारू नका, तो "मॅडम, लाइफटाइम ऑइल आहे, बदलायचं नसतं" असं म्हणेल. कुणाच्या लाइफटाइमबद्दल बोलतोय ते मात्र सांगत नाही.

मी पुढे काय केलं ते सांगते. मशीन लावून फ्लश मारायचा सल्ला मिळाला होता, मी नको म्हटलं, जुन्या गिअरबॉक्सात साचलेली घाण एकदम हलवायला मला भीती वाटते. खालचा ड्रेन प्लग काढला की तीन लिटरच्या आसपास तेल पडतं, पण आत सगळं मिळून साताच्या घरात असतं, बाकीचं टॉर्क कन्व्हर्टरमध्ये अडकून राहतं. म्हणजे एका वेळेला जेमतेम चाळीस-बेचाळीस टक्के तेल बदलतं. तीन लिटर काढलं, तीन लिटर टी-फोर भरलं, आठवडाभर चालवलं, परत तेच. दुसऱ्या वेळेला नवीन तेल दोनतृतीयांशापर्यंत गेलं, तिसऱ्याला ऐंशीच्या पुढे. हिशेबाची सवय आहे त्यामुळे हे गणित मी पतसंस्थेच्या कॅलेंडरच्या मागेच मांडलं होतं. दुसऱ्या खेपेनंतर थरथर कमी झाली आणि तिसऱ्यानंतर शेंद्र्यापर्यंत जाऊन आले, सत्तरला धरून ठेवली, काही नाही. अण्णा मागच्या सीटवर झोपले होते.

पहिल्या खेपेला मिस्त्रींनी खालचा पॅनही उघडला होता. आतल्या लोहचुंबकावर राखाडी, काजळासारखा मऊ लेप होता. मी घाबरले, तर ते बोटाने पुसून मला दाखवत म्हणाले, "ही भुकटी हाय, चालतंय. हाताला टोचंल असं काय घावलं असतं तर मी तुमाला बसायलाच सांगितलं असतं." या बाबतीत मात्र त्यांचा शब्द प्रमाण.

तेल मोजायची पण पद्धत आहे आणि तीही घराण्यागणिक वेगळी. माझ्या टोयोटाला गाडी गरम करून, सपाटीवर, इंजिन चालू ठेवून, लिव्हर सगळ्या गिअरमधून एकदा फिरवून पी-वर आणून बघायचं. ह्युंदाईला एन-वर. जुन्या होंडाला इंजिन बंद करून लगेच. चुकीच्या पद्धतीने बघितलं की कधी कमी दिसतं, मग माणूस वरून ओततो, आणि जास्त झालं की आत फेस होतो, फेसाला प्रेशर धरता येत नाही. बघताना पांढऱ्या टिश्यूवर एक थेंब टाका. लालसर असेल तर उत्तम, तपकिरी असेल तर बदलायची वेळ झाली, काळं आणि जळकं वासाचं असेल तर आधी चांगल्या माणसाला दाखवा. आणि गुलाबी दुधासारखं दिसलं तर गाडी चालूसुद्धा करू नका, रेडिएटरमधलं कूलंट तेलात शिरलंय किंवा कुठून तरी पाणी गेलंय. २०१९ च्या पुरानंतर सांगलीच्या माझ्या आतेभावाच्या गाडीतून हेच निघालं होतं, शेजाऱ्याने स्टार्ट मारून बघू म्हणून आग्रह केला आणि याने ऐकलं नाही म्हणून गिअरबॉक्स वाचला.

"जुन्या गाडीत नवीन तेल टाकलं की गिअरबॉक्स जातो" असं पण विचारता तुम्ही. अहो, गाडी आधीच घसरत असते, रेस वाढते पण गाडी पुढे जात नाही, तेव्हा घाबरून लोक तेल बदलतात आणि आठवड्याने गिअरबॉक्स बसतो. बदनाम होतं तेल. क्लचच्या चकत्या झिजून गेल्या असतील तर कुठलंही तेल त्या परत आणणार नाही. गिअर नीट पडत असतील, नुसतं तेल जुनं झालं असेल, तर थोडं थोडं करून खुशाल बदला. मी आता दर चाळीस हजारला एक खेप करते, घाटात जास्त जाणं होतं म्हणून. चढाला गर्दीत रांगत जाताना टॉर्क कन्व्हर्टर तेलाला नुसतं घुसळत असतो, तेल तापतं आणि तापलेलं तेल लवकर म्हातारं होतं. पसरणी घाट उतरताना मी लिव्हर टूवर घेते, ते ब्रेकसाठी.

मिस्त्री अजून तेच आहेत. मागच्या वेळेला गेले तर त्यांच्या भिंतीवर खडूने लिहिलेलं, "लाल टोयोटा ताई – टी ४". गाडी सिल्व्हर आहे, पण असू दे.

माळ्यावर अर्धा लिटर टी-फोर शिल्लक आहे, झाकण घट्ट लावून ठेवलंय. कुणाला लागलं तर घेऊन जा, पण येताना तुमची डिपस्टिक वाचून या.