किल्टच्या निऱ्या, शहामृगाची पिसं आणि परतीची बस

ऑगस्टमध्ये स्कॉटलंडच्या ग्लासगो ग्रीन मैदानावर जागतिक पाइप बँड स्पर्धा, म्हणजे बॅगपाइप आणि ढोल वाजवणाऱ्या पथकांची. महिनाअखेरीस डनूनला काउअल गॅदरिंगचा मेळा, सप्टेंबरच्या पहिल्या शनिवारी ब्रेमारचा. तिन्हीकडे पाऊस गाठणार हे धरूनच चालायचं. मैदानात भिजल्याने बँडच्या हायलँड पोशाखाचं, म्हणजे लोकरी, निऱ्यांचा घागरा असलेल्या किल्टचं आणि त्यासोबतच्या साजाचं, फारसं बिघडत नाही. खरं नुकसान परतीच्या बसमध्ये होतं. ओला किल्ट प्लास्टिकच्या सूट-बॅगेत जातो, वर चेन लागते आणि पुढचे दोन दिवस त्याकडे कोणी बघत नाही.

लोकर आपल्या वजनाच्या तीस टक्क्यांच्या आसपास ओलावा पिते आणि तरीही हाताला ओली लागत नाही. त्यामुळे हात लावून 'वाळलाय' असं ठरवू नका. घरी पोचल्यावर किल्ट कमरपट्टीला धरून मोकळ्या हवेत टांगा आणि पुरते दोन दिवस तसाच राहू द्या. हीटरजवळ, रेडिएटरवर किंवा उन्हात अजिबात नको. वाळला की मऊ ब्रशने वरून खाली झटका. चिखल ओला असताना घासला तर धाग्यात मुरतो, वाळल्यावर चुरून पडतो.

टांगण्याचंही एक तंत्र आहे. पूर्ण किल्टला आठ यार्ड म्हणजे सव्वासात मीटरच्या वर कापड लागतं आणि वजन दोन किलोपर्यंत जातं. पँटच्या दोन चिमट्यांच्या हँगरवर हा भार दोनच ठिकाणी येतो आणि कमरपट्टी मधे लोंबते. चार चिमट्यांचा किल्ट हँगर घ्या. नसेल तर दोन हँगर एकत्र बांधा. चिमट्याखाली फेल्टचा तुकडा ठेवा, नाहीतर कापडावर दात उमटतात. चिमटा कमरपट्टीलाच लावायचा, निऱ्यांना नाही.

आता निऱ्या. कमरेपासून नितंबापर्यंत त्या शिवलेल्या असतात, त्याखाली फक्त इस्त्रीच्या जोरावर उभ्या. प्रवासात मोडतो तो हाच खालचा भाग. लांबचा प्रवास असेल किंवा हंगाम संपल्यावर किल्ट कपाटात जाणार असेल, तर पांढऱ्या सुती दोऱ्याने तिरप्या कच्च्या टाक्यांच्या तीन ओळी घाला: एक खालच्या काठापासून चार-पाच सेंटिमीटरवर, एक मधोमध, एक शिवण संपते तिथे लगेच खाली. प्रत्येक निरीची कड तिच्या खालच्या निरीला पकडली पाहिजे. दोरा ताणू नका, ताणला की चुणी पडते. टाके काढल्याशिवाय इस्त्री फिरवू नका, कारण दोऱ्याचा वळ कापडावर राहतो. अगदीच फिरवावी लागली तर दोरा बारीक घ्या आणि वर ओलसर सुती फडकं ठेवा. इस्त्री घासायची नाही, नुसती दाबून उचलायची.

एक-दोन दिवसांच्या दौऱ्याला टाके घालण्याऐवजी गुंडाळी पुरते. पट्टे सोडा, बक्कलांवर रुमाल बांधा, नाहीतर त्यांची जीभ कापडात अडकते. मोठ्या टेबलावर किल्ट पालथा पसरा, म्हणजे आतली बाजू वर. निऱ्या एकेक करून कमरेपासून काठापर्यंत बोटांनी सरळ करा. मग एका एप्रनच्या, म्हणजे पुढच्या बिननिऱ्यांच्या सपाट भागाच्या, कडेपासून आडवं गुंडाळायला लागा, पण निऱ्यांची घडी ज्या बाजूला पडलेली आहे त्याच दिशेने. उलट्या दिशेने गेलात तर प्रत्येक निरीची कड उचलली जाते आणि दुमडून बसते. शेवटी साधारण साठ सेंटिमीटर लांब, घट्ट नळी हाती येते. जुन्या नायलॉन टाइट्सचा एक पाय कापून तो या नळीवर चढवा, कमरेच्या टोकाकडून काठाकडे, म्हणजे निऱ्या उलट्या घासल्या जात नाहीत. बाजारात खास पिशव्या आल्या तरी टाइट्सच्या पायाला अजून कोणी मात दिलेली नाही. ही गुंडाळी सुटकेसमध्ये आडवी ठेवा, वर बूट नकोत.

सूट-बॅगेत टांगून नेलेले किल्ट वळणावळणावर एकमेकांवर आपटतात आणि तळाशी निऱ्या पसरतात. बसमध्ये टांगायचे फक्त डबलेट (गणवेशाचा अंगाबरोबरचा कोट) आणि जॅकेट, तेही रुंद खांद्याच्या हँगरवर. जरीच्या पट्ट्या, बिल्ले आणि ड्रम मेजरचा, म्हणजे बँडच्या पुढे चालणाऱ्याचा, खांद्यावरून तिरपा जाणारा बाल्ड्रिक पट्टा मात्र घडी न घालता सपाट ठेवायचे. बुलियनच्या, म्हणजे जरीकामातल्या धातूच्या, तारा एकदा मोडल्या की सरळ होत नाहीत. थरांत आम्लविरहित टिश्यू पेपर घाला. रबर बँड किंवा रबरी अस्तर जवळ नको, त्यातल्या गंधकाने चांदीची जर काळी पडते. ज्यांच्या घरात पैठणी मलमलीत गुंडाळून ठेवतात, त्यांना प्लास्टिक का नको हे वेगळं सांगायला नको.

पितळी बटणं चमकवताना खाली खाच असलेली बटण-पट्टी सरकवा. पॉलिश लोकरीत गेलं की पांढरा डाग बसतो आणि तो ब्रशने निघत नाही.

फेदर बॉनेटला, म्हणजे पिसांच्या उंच टोपीला, मात्र स्वतःचा डबा हवाच. तारेच्या सांगाड्यावर शहामृगाची पिसं, शिवाय बाजूला लोंबणारी शेपटं. डब्याच्या तळाशी बॉनेट टेकवून ठेवलं तर शेपटं दुमडतात आणि तशीच राहतात. मधे बुंधा बसेल असा स्टँड हवा, शेपटांना सगळीकडून मोकळी जागा. हॅकल, म्हणजे टोपीत खोचलेला तुरा, आधी उपसून वेगळ्या कागदी नळीत. पावसात भिजलं तर हलकेच झटका, स्टँडवर वाळवा, ड्रायर दाखवू नका. चेपलेली पिसं किटलीच्या वाफेवर हातभर लांबून फिरवली की पुन्हा फुलतात. घाई करून जवळ नेलं तर गळपटतात.

घोड्याच्या केसांचा स्पोरन (किल्टच्या पुढे लटकणारा बटवा) उताणा ठेवा, साखळी सोडून. साखळी वर राहिली तर केस तोडते आणि खालचं कातडं ओरखडते. केस विंचरायचे टोकाकडून वर येत, गुंतलेल्या सुतासारखे. सीलच्या कातड्याचा स्पोरन असेल तर अमेरिकेच्या दौऱ्यावर नेऊ नका. १९७२ च्या सागरी सस्तन प्राणी संरक्षण कायद्याखाली तो सीमेवर अडतो. स्किअन दू (मोज्यात खोचायची छोटी सुरी) आणि डर्क (कमरेचा लांब खंजीर) विमानात हातातल्या बॅगेत चालत नाहीत, ते चेक-इनच्या सामानात.

उरली कसर, म्हणजे कपड्यांना लागणारी कीड. तिची अळी लोकर, पिसं, केस सगळंच खाते, आणि घाम किंवा सांडलेल्या बियरचा डाग असलेली जागा तिला आधी सापडते. म्हणून मळका किल्ट हिवाळ्यासाठी कधीच ठेवायचा नाही. आधी ड्राय-क्लीन, मग सुती पिशवी. फेरोमोनच्या सापळ्यात फक्त नर अडकतात, त्यामुळे त्याने कसर जात नाही, आली आहे एवढंच कळतं. आली असेल तर किल्ट जाड पॉलिथिनमध्ये हवा काढून बंद करा, उणे १८ अंशांवर दोन आठवडे फ्रीझरमध्ये ठेवा, आणि बाहेर काढल्यावर खोलीच्या तापमानाला येईपर्यंत पिशवी उघडू नका, नाहीतर थंड कापडावर पाणी सुटतं. डांबरगोळ्यांचा वास मात्र लोकर महिनोन् महिने धरून ठेवते, आणि रांगेत शेजारी उभा राहणाऱ्याला तो आधी कळतो.

बँडच्या ट्रंकेत एक डबा कायम असावा: सुया, पांढरा आणि काळा दोरा, टाके उसवायची उसवणी, जास्तीची बक्कल, मऊ ब्रश. उसवणी सगळ्यांत वर ठेवा. मागच्या निऱ्यांतला पांढरा टाका घालणाऱ्याला दिसत नाही, त्याच्या मागून चालणाऱ्या सगळ्यांना दिसतो.