वर्तुळातून पुढे आलेला एक जण

शाळेच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी चार शब्द लिहावेत, असे पत्र आले आणि कशाविषयी लिहावे याचा विचार मला करावाच लागला नाही. नाटक लिहिणे आणि बसवणे हाच आज माझा व्यवसाय आहे, आणि तो ज्यांच्यामुळे माझ्या वाट्याला आला, त्या आमच्या मराठीच्या सरांखेरीज दुसरे काही मला सुचत नाही.

सरांनी नाटकाची व्याख्या कधी उतरवून दिली नाही. आठवीत नाट्यप्रवेशाचा धडा सुरू होण्यापूर्वी त्यांनी बाके भिंतीशी सरकवायला लावली, फरशीवर खडूने मोठे वर्तुळ काढले आणि आम्हाला त्याच्या कडेने उभे करून रामाच्या वनवासाची हकिकत एका सुरात म्हणवून घेतली. मग एका मुलाला मध्ये बोलावून ते म्हणाले, "आता ‘राम निघाला’ म्हणू नकोस, ‘मी निघालो’ म्हण." त्याने ते म्हटले मात्र, आमचा सूर आपोआप थांबला आणि सारे त्याच्याकडे पाहू लागले. पाठोपाठ सरांनी दुसऱ्याला भरत करून पुढे आणले. "राज्य तुझे आहे, परत चल," असे भरत विनवू लागला, रामाला वडिलांचे वचन मोडवेना, आणि दोघांचेही खरे असताना दोघांचेही साधत नाही, ही गोष्ट आम्हा तेरा-चौदा वर्षांच्या मुलांना समोर घडताना दिसली. शेवटी कैकेयी झालेली मुलगी आली. तिला एकही वाक्य दिलेले नव्हते. ती पदराचे टोक मुठीत घट्ट धरून दोघांचे बोलणे फक्त ऐकत राहिली, आणि आमच्या नजरा बोलणाऱ्यांना सोडून तिच्यावर खिळल्या.

एवढे झाल्यावरच सरांनी ग्रीसचे नाव काढले. डायोनिसस देवतेच्या उत्सवात समूहाने स्तोत्रे गायली जात. त्या समूहातून वेगळा होऊन पात्राच्या तोंडून बोलणारा पहिला नट म्हणून परंपरा थेस्पिसचे नाव घेते आणि त्याचा काळ इ. स. पूर्व ५३४ च्या सुमाराचा सांगते. दुसरा नट नाटककार एस्किलसने आणला, तिसरा त्याच्यानंतरच्या सॉफोक्लीज या नाटककाराने. दोनअडीच हजार वर्षांपूर्वीची ही वाटचाल आम्ही एका तासिकेत पायांनी चालून आलो होतो, त्यामुळे ती पाठ करावी लागली नाही. ग्रीक तत्त्वज्ञ अॅरिस्टॉटलने सांगितलेली शोकांतिकेची सहा अंगे, म्हणजे कथानक, स्वभावचित्रण, विचार, भाषा, संगीत आणि दृश्य, सरांनी पुढे शिकवली. त्यांत कथानक पहिले का आणि दृश्य सर्वांत शेवटी का, हे त्या रिकाम्या फरशीवर आम्हाला आधीच कळले होते.

भरतमुनींच्या ‘नाट्यशास्त्र’ या प्राचीन संस्कृत ग्रंथातील नाटकाची उत्पत्तिकथा मात्र ते विशेष रंगून सांगत. ब्रह्मदेवाने ऋग्वेदातून पाठ्य, सामवेदातून गीत, यजुर्वेदातून अभिनय आणि अथर्ववेदातून रस घेऊन नाट्यवेद निर्माण केला, हे पुष्कळांना ठाऊक असते. सर त्यापुढचा भाग सांगत. पहिल्याच प्रयोगात आपला पराभव पाहून दैत्य चिडले आणि त्यांच्या बाजूच्या विघ्नांनी, म्हणजे अडथळे आणणाऱ्या दुष्ट शक्तींनी, नटांची वाणी, हालचाल आणि स्मृती गोठवून टाकली. रंगभूषा किंवा वस्त्रे पळवण्याचे त्यांच्या मनातही आले नाही, कारण नाटक कशावर उभे असते हे शत्रूला पुरते ठाऊक होते, असे सर म्हणत. नव्या नटांची तालीम घेताना आजही मी या तीन गोष्टींपासूनच सुरुवात करतो आणि नेपथ्याची चर्चा शक्य तितकी लांबवतो.

म्हणूनच अलीकडची शालेय स्नेहसंमेलने पाहताना मन खिन्न होते. संवाद आधी ध्वनिमुद्रित केलेले असतात, मुले त्यांवर ओठ हलवतात, आणि मागे प्रकाशाचा व पडद्याचा झगमगाट चाललेला असतो. अशाने मुलाची वाणी जाते, पाठांतराची गरज संपल्याने स्मृतीही जाते, आणि उरलेली हालचाल यंत्राच्या तालावर बांधली जाते. पुढचे वाक्य आठवेपर्यंतच्या क्षणात, सभागृह श्वास रोखून पाहत असताना, मुलाला जे मिळते ते ध्वनिमुद्रणात कुठून मिळणार?

महोत्सवाच्या कार्यक्रमात एक तरी प्रवेश मुलांच्या स्वतःच्या आवाजात, रिकाम्या रंगमंचावर व्हावा, अशी संयोजन समितीला माझी आग्रहाची विनंती आहे. त्याच्या तालमीसाठी लागेल तितका वेळ देण्यास मी तयार आहे.